चांगले वाचणाऱ्या मुलांचे काय? सहावी ते आठवीच्या प्रगत वाचनवर्गाची आखणी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील ज्या धर्मग्रामांत रविवारी मराठी मिस्सा होते, तेथे पहिले वाचन करण्यासाठी वेदीकडे जाणारी व्यक्ती अनेकदा साठीच्या पुढची असते. बाकांवर बसलेल्या तिच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही असे मुळीच नाही. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, मराठी हा विषय शिकतात आणि परीक्षेत गुणही बरे मिळवतात. त्यांच्यापैकी काही तर उत्तम वाचतात. प्रश्न नेमका या उत्तम वाचणाऱ्या मुलांचा आहे.

मराठीत मागे पडणाऱ्या मुलासाठी शिकवणी असते, आईची काळजी असते, शिक्षकांचा निरोप असतो. जे मूल पुढे आहे, ते मात्र धडा दहा मिनिटांत वाचून संपवते आणि उरलेला तास खिडकीबाहेर पाहत बसते. त्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नसते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पुढे आठवी-नववीत ते इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळते. त्यात गैर काहीच नाही. परंतु मोठी माणसे ज्या तऱ्हेने वाचतात त्या तऱ्हेने आपल्याला मराठीतही वाचता येईल, हे त्याला कधी कळतच नाही. एकदा ते वय निघून गेले की मराठी त्याच्यापुरती परीक्षेची आणि रिक्षावाल्याशी बोलण्याची भाषा होऊन राहते.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली व इयत्ता पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने तिची अंमलबजावणी सुरू झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, कायदा सर्वांसाठी किमान पातळी ठरवतो. त्या पातळीच्या वर गेलेल्या मुलाला पुढे काय द्यावयाचे, हे घराने आणि समाजाने पाहावयाचे आहे. धर्मग्रामाकडे सभागृह आहे, रविवारची सकाळ आहे, निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. अशा ठिकाणी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रगत वाचनवर्ग कसा आखता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'प्रगत' या शब्दाचा अर्थ

आखणीची पहिली चूक बहुधा येथेच होते. प्रगत वर्ग म्हणजे अधिक कठीण पुस्तके, असे गृहीत धरले जाते. मग सातवीच्या मुलाच्या हाती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली जाते, ते पन्नास पानांनंतर ती मिटून ठेवते आणि 'मुलांना वाचनाची गोडी राहिली नाही' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. आमच्या मते प्रगत वाचन म्हणजे साध्या मजकुराकडूनही अधिक काढून घेणे होय. पुस्तकाची काठिण्यपातळी नंतर वाढवता येते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. पुढील तीन वाक्ये तिसरीतले मूलही अडखळल्याविना वाचील:

आजीने डबा उघडला, आत पाहिले आणि झाकण पुन्हा लावून ठेवले. 'पोरं जेवली का?' तिने विचारले. मग तिने तांब्याभर पाणी प्यायले.

आता प्रश्न विचारावा: आजी जेवली का? एक मूल म्हणेल, 'ते धड्यात दिलेले नाही.' दुसरे म्हणेल, 'तिला भूक नव्हती.' तिसरे थोडा वेळ थांबून म्हणेल, 'डब्यात थोडेच होते, म्हणून तिने मुलांसाठी ठेवले.' या तिसऱ्या मुलालाही लगेच शाबासकी देऊन पुढे जाऊ नये. 'कशावरून म्हणतोस?' हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. मग ते मजकुराकडे परत जाते. आत पाहिल्यानंतरच तिने विचारले, आधी नाही. भूक नसती तर डबा उघडलाच कशाला असता? आणि शेवटी पाणी पिऊन ती थांबली. प्रगत वर्गात शिकवावयाचे ते हे: लिहिलेल्यावरून न लिहिलेले ओळखणे आणि त्याचा पुरावा शब्दांत दाखवणे. बाकी सारी आखणी या एका प्रश्नाच्या सोयीसाठी आहे.

वर्गात कोणास घ्यावे?

मराठी वाचनाच्या बाबतीत कान आपल्याला फसवतात. देवनागरी लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे. अक्षरे, काना-मात्रा व जोडाक्षरे एकदा आली की मूल न समजलेले वाक्यही खणखणीत आवाजात वाचू शकते. इंग्रजीत अनोळखी शब्दाशी मूल अडखळते व आपल्याला अडचण कळते. मराठीत तसे होत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधे सूत्र मांडले होते. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार, असे ते सूत्र आहे. येथे बेरीज नाही हे महत्त्वाचे आहे, कारण गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य येते. आपल्या उपनगरांतील अनेक मुलांची पहिली बाजू भक्कम आणि दुसरी दुबळी आहे. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारे मूल प्रगत वाचक असेलच असे नाही, आणि वर्गात उभे राहून वाचण्यास लाजणारी एखादी मुलगी कदाचित तशी असेल.

म्हणून निवड करताना मोठ्याने वाचण्याची परीक्षा घेऊ नये. मुलाला कधी न पाहिलेल्या गोष्टीचे एक पान द्यावे, मनातल्या मनात वाचू द्यावे, पान काढून घ्यावे आणि काय वाचलेस ते आपल्या शब्दांत सांग, असे म्हणावे. नंतर पान परत देऊन न लिहिलेल्या गोष्टीविषयी एक प्रश्न विचारावा व त्याला 'कशावरून' जोडावा. प्रत्येक मुलास दहा मिनिटे पुरतात. उत्तर मराठी, इंग्रजी वा घरातल्या बोलीत आले तरी चालेल. आपण समज तपासत आहोत, बोलणे नव्हे. अशा पानासाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकासारखा दुसरा साठा नाही. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकातील गोष्ट आजच्या मुलाने आधी वाचलेली असण्याची शक्यता कमीच.

इयत्तेपेक्षा पातळीनुसार गट करावेत हा विचार मुंबईला नवा नाही. १९९०च्या दशकात याच शहरातील वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या 'प्रथम' या संस्थेने वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी तो विचार पुढे देशभर नेला. मागच्या मुलांसाठी जे योग्य ठरले, ते पुढच्या मुलांसाठीही लागू पडावे. सहावीची एखादी मुलगी आठवीच्या मुलाशेजारी बसून त्याच पुस्तकावर वाद घालत असेल तर त्यात काही बिघडत नाही.

बारा ते पंधरा मुले पुरेत. वीसच्या पुढे गेल्यावर चार मुले बोलतात आणि उरलेली ऐकतात. 'हुशार मुलांचा वर्ग' असे नाव मात्र कदापि देऊ नये. आपल्याकडे पालक या शब्दासाठी फार लवकर रांगा लावतात, व ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांच्या मनावर उगाच शिक्का बसतो. साधे 'रविवारचे वाचन' म्हणावे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा निवड होईल हे आधीच जाहीर करावे.

वेळापत्रक

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. पहिले पंधरा दिवस वह्या-पुस्तकांच्या धावपळीत जातात. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तेरा रविवार मिळतात. त्यांतून बांद्र्याची जत्रा, गणेशोत्सव आणि लोकल गाड्या बंद पाडणारा एखादा पाऊस वजा केला की दहा उरतात. दहाच धरून आखणी करावी. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा, नंतर दिवाळी, मग नाताळची तयारी. या काळात वर्ग ठेवण्याचा हट्ट धरू नये. जानेवारी-फेब्रुवारीत आणखी सात रविवार मिळतात. मार्चपासून मुले परीक्षेची असतात. म्हणजे वर्षाकाठी सतरा बैठका, प्रत्येकी पाऊण ते सव्वा तास. हे फार नाही. पण सतरा बैठकांत दोन पुस्तके नीट वाचून होतात, आणि दोन पुस्तके नीट वाचणे ही लहान गोष्ट नाही.

वर्ग मिस्सा व धर्मशिक्षणाच्या लगेच नंतर ठेवल्यास मुले भुकेली असतात. मधे अर्धा तास आणि काहीतरी खाणे असावे. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आखणीच्या कागदावर तो असावाच.

काय वाचावे?

शाळेत मुले उतारे वाचतात. पाठ्यपुस्तकाचा तोच धर्म आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. तथापि, उताऱ्यावर वाढलेल्या मुलास संपूर्ण पुस्तकाचा अनुभव नसतो. पहिल्या प्रकरणातील एखादी गोष्ट शेवटच्या प्रकरणात परत येते तेव्हा होणारा आनंद त्याला ठाऊक नसतो. म्हणून प्रगत वर्गात सुटी झेरॉक्स पाने वाटू नयेत. प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक असावे, आणि त्याच्या समासात पेन्सिलीने खूण करण्याची त्याला मुभा असावी.

पहिल्या सत्रासाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातील बालपणाचा व संसाराच्या आरंभीचा भाग सुचवू. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या लिहा-वाचावयास शिकल्या. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, त्यानंतरच्या ताटातुटीची वर्षे त्यांनी सोसली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. हा इतिहास आपल्या वाचकांस परिचित आहे. वाचनवर्गाच्या दृष्टीने त्यांचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांची भाषा बोलकी व सोपी आहे, पण त्या फार सहज हसवतात आणि हसता हसता दुःख झाकून टाकतात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन वाचताना मुले प्रथम पोट धरून हसतील. हसू द्यावे. नंतर विचारावे: त्या घरातील लहान मुलांचा दिवस कसा जात असेल? आईचा? लेखिकेने हे कोठे सांगितले आहे, आणि कोठे सांगण्याचे टाळले आहे? ज्या मुलाला या ठिकाणी हसू थांबल्याची जाणीव होते, त्याचे वाचन एक पायरी चढले, असे खुशाल समजावे.

लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ साली झाले, त्यामुळे भारतीय कायद्याप्रमाणे साठ वर्षांची मुदत उलटून त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क कधीच संपलेला आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चीही स्थिती तीच. गुरुजी १९५० साली गेले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक बहुतेक मुलांनी पाठ्यपुस्तकातील एखाद्या धड्यापुरते पाहिलेले असते. ते रडवणारे पुस्तक म्हणून इतके प्रसिद्ध आहे की त्यातील बारकाई कोणी वाचतच नाही. आम्ही ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवू.

दुसऱ्या सत्रातील सात रविवारांसाठी 'एका कोळियाने' घ्यावे. हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या लघुकादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला हा अनुवाद आहे. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा कोळी आणि त्याच्यावर जीव असलेला मुलगा, एवढीच सामग्री. हे पुस्तक सुचवण्यामागे एक कारण आहे. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधिकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात तरबेज पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा त्या मजकुराचे आकलन करण्यात सरस ठरली. आपल्या परिसरात याचा अर्थ काय होतो ते पाहा. वेसावे, गोराई किंवा मनोरी येथील मुलाला होडी, दोर, वारा आणि उपाशी परत येणारे बाप-आजे ठाऊक असतात. मुलुंडच्या पंधराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसतात, मग त्याचे मराठी कितीही चांगले असो. या पुस्तकाच्या सात रविवारी गोराईचे मूल वर्गाचे शिक्षक होऊ शकते. ते होऊ द्यावे. बोरिवलीच्या वर्गाला तर खाडी ओलांडून एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याशी तासभर बोलून येता येईल. शब्दकोशापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

ज्यांना हे पुस्तक नको त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्यावी. धनगरांच्या लहानशा वाडीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची ही कथा आहे. ती आटोपशीर आहे, वाक्ये लहान आहेत आणि लेखक भावना नावाने सांगत नाही, दाखवतो. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास'मधील लंपनच्या कथाही या वयासाठी उत्तम. लंपन त्यांच्याच वयाचा आहे आणि त्याच्या मराठीत सीमाभागातील कन्नडचा सूर मिसळलेला आहे. शिक्षकाने मात्र कोणतेही पुस्तक स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज वर्गात नेऊ नये. मोठ्यांच्या जगातील काही प्रसंग या पुस्तकांत येतात. त्यांविषयी मुले प्रश्न विचारणार, आणि तेव्हा शिक्षकाचा चेहरा गोंधळलेला नसावा.

पहिली बैठक

पहिल्या रविवारी नवे पुस्तक उघडू नये. मुलांना तोंडपाठ असलेली गोष्ट घ्यावी. उधळ्या पुत्राचा दाखला आमच्या मुलांनी किती वेळा ऐकला असेल! पुस्तक न उघडता विचारावे: गोष्ट कोठे संपते? बहुतेक मुले सांगतील की धाकटा मुलगा परत येतो, बाप त्याला मिठी मारतो, मेजवानी होते. मग लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडून हळूहळू वाचावा. मेजवानीनंतर थोरला भाऊ शेतातून येतो, रागावतो, आत जाण्यास नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. बापाचे बोलणे संपते आणि गोष्टही तेथेच संपते. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही.

ही गोष्ट ध्यानात येताच वर्गात जी शांतता पसरते, तीवर पुढील सोळा बैठका उभ्या राहतात. आपण पूर्ण ओळखतो असे वाटणाऱ्या मजकुरातही आपण न पाहिलेले काही असते, हे मुलांना एका तासात कळते. 'मग तो आत गेला असेल का?' या प्रश्नावर वाद होऊ द्यावा. प्रत्येकाने मजकुरातील एखादा शब्द पुरावा म्हणून पुढे करावा: तो बापाशी कोणत्या सुरात बोलतो, धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणतो की आणखी काही, आणि उत्तर देताना बाप कोणता शब्द वापरतो. शिक्षकाने निकाल देऊ नये. धर्मशिक्षणाचा तास निराळा आहे. तेथे बोध द्यावा, येथे वाचावे.

पुढील बैठकांची रीत

अमेरिकेतील ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली पद्धत येथे उपयोगी पडते. ती त्यांनी आकलनात मागे असलेल्या सातवीच्या मुलांसाठी तयार केली होती. पुढे असलेल्या मुलांनाही ती मानवते. मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात आणि चार कामे करतात: वाचलेल्या भागाचे सार सांगणे, त्यावर प्रश्न काढणे, अडलेले उलगडणे आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे. प्रगत वर्गात आम्ही त्यात एक भर घालू. प्रश्न काढणाऱ्या मुलाने असा प्रश्न काढावा, ज्याचे उत्तर एका जागी बोट ठेवून दाखवता येणार नाही. 'मास्तर वाडीवर किती वाजता पोहोचला?' हा प्रश्न बाद. 'वाडीतील लोकांना मास्तर आवडला आहे हे प्रथम कोठे कळते?' हा प्रश्न चालेल. पहिल्या तीन-चार बैठकांत मुलांचे प्रश्न बादच होत राहतात. धीर सोडू नये.

घरी आठवड्याला दहा-बारा पानांपेक्षा अधिक वाचावयास देऊ नये. बैठकीत पुन्हा सारे वाचत बसू नये; एखादे पान निवडावे, शिक्षकाने ते स्वतः चांगल्या आवाजात वाचून दाखवावे आणि त्यावरच थांबावे. शेवटची दहा मिनिटे वहीत लिहिण्यासाठी. पाच-सहा ओळी पुरेत. प्रश्न एकच: आज कोणत्या वाक्याशी तू थांबलास, आणि का? या वह्यांवर लाल शाईने शुद्धलेखन तपासू नये. मनापासून लिहिलेल्या सहा ओळींत नऊ गोल पाहिलेले मूल पुढच्या रविवारी दोनच ओळी लिहिते. शिक्षकाने खाली एक वाक्य उत्तर म्हणून लिहावे, जसे पत्राला लिहितो तसे.

शब्दांविषयी थोडेसे. प्रत्येक अनोळखी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देण्याचा मोह आवरावा. वस्तूंची नावे, जसे 'घोंगडे' किंवा 'रहाट', चित्र दाखवून एका क्षणात सांगता येतात. खरे काम 'संकोच', 'ओशाळणे', 'हायसे वाटणे', 'निमूटपणे' अशा शब्दांवर आहे. हे शब्द प्रौढ मराठी लेखनात जागोजागी येतात, बोलण्यात मात्र इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या कानावर क्वचितच पडतात, आणि ते कळले नाहीत तर माणसाचे मन कळत नाही. बैठकीस असे चार शब्द पुरेत. 'तू शेवटचा कधी ओशाळलास?' असे विचारले की शब्द मुलाचा होतो.

बोलीचा प्रश्न आपल्या समाजात नाजूक आहे. मरोळ, आंबोली, चकाला येथील गावठाणांतील ईस्ट इंडियन घरांत एक बोली, वसईहून आलेल्यांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी, आणि पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातून येऊन मुलुंड-घाटकोपरकडे स्थायिक झालेल्यांची आणखी निराळी. शाळेत या बोलीला कोणी हसले की मूल मराठीच बोलणे सोडते. वाचनवर्गात बोलीला मानाची जागा द्यावी. एखाद्या शब्दाला तुमच्या घरी काय म्हणतात, हे विचारून फळ्यावर चारही रूपे लिहावीत. घरी आजीला विचारून येण्याचा गृहपाठ मुले इतर कोणत्याही गृहपाठापेक्षा आवडीने करतात, आणि आजीलाही तो आवडतो.

या संदर्भात एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग रंगवला आहे. धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि म्हणतो की जुनी पुराणे आम्ही बाजूला ठेवली, आता आमच्या भाषेत आम्ही वाचावे तरी काय? ग्रंथ त्या मागणीचे उत्तर म्हणून उभा राहतो. शिकवलेले कळले, तरी वाचावयाचे काय, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीही अशाच एका वर्गात विचारला गेला होता. 'ख्रिस्तपुराण' सहावी-आठवीच्या मुलांना झेपणारे नाही. त्यातील चार ओव्या शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि किती शब्द ओळखीचे वाटले ते मोजावयास सांगावे. मुलांना आश्चर्य वाटेल.

शिकवणार कोण, आणि प्रगती कशी ओळखावी?

मराठीचा पदवीधरच हवा असे नाही. स्वतः वाचणारी आणि मुलाचे उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसू शकणारी व्यक्ती हवी. यातील दुसरा गुण अधिक दुर्मीळ आहे. निवृत्त शिक्षिकेच्या जोडीला महाविद्यालयात शिकणारा एखादा तरुण वा तरुणी असावी. मुलांना आपल्याहून सहा-सात वर्षांनी मोठे कोणी मराठी पुस्तक हाती घेतलेले दिसणे आवश्यक आहे. मराठी वाचणारे सारे लोक आजी-आजोबांच्या वयाचे असतात, अशी त्यांची समजूत आपणच करून दिली आहे.

परीक्षा, गुण व प्रमाणपत्रे नसावीत. पालक ती मागतील. नम्रपणे नकार द्यावा. प्रगती पाहावयाची असेल तर जुलैतील निवडीच्या वेळी दिले होते तसेच एक नवे पान फेब्रुवारीत द्यावे आणि तोच 'कशावरून' विचारावा. दोन्ही वेळची उत्तरे शिक्षकाने लिहून ठेवलेली असली की फरक पालकांनाही दिसतो. काहींच्या बाबतीत तो दिसणार नाही. अशा मुलाला पुढील वर्षी पुन्हा बसू द्यावे, त्यात कमीपणा नाही. आणि एखादे मूल मधेच म्हणाले की मला मराठी मिस्सेत पहिले वाचन करावयाचे आहे, तर त्याला आठवडाभर आधी उतारा द्यावा, त्याचा अर्थ त्याच्याशी बोलावा आणि मगच ध्वनिक्षेपकापुढे उभे करावे.

खर्च पुस्तकांचाच आहे. पंधरा मुलांसाठी दोन पुस्तकांच्या तीस प्रती लागतात. एकाच पुस्तकाच्या पंधरा प्रती उपनगरातील दुकानात आयत्या वेळी मिळत नाहीत, म्हणून मागणी मे महिन्याच्या आरंभीच नोंदवावी. वर्ष संपल्यावर त्या प्रती मुलांनी वापरलेल्या पेन्सिलीच्या खुणांसह धर्मग्रामाच्या कपाटात ठेवाव्यात. त्या खोडू नयेत. पुढच्या वर्षीच्या मुलांना आपल्या आधी कोणीतरी नेमक्या याच वाक्याशी थांबले होते, हे दिसले पाहिजे.